एका रात्रीत कोणी डोंगर खोदत नसतं

पावसावर मराठीत जेवढ्या कविता झाल्या तेवढे पावसाळे तरी झाले असतील का, शंका आहे. हिरवा शालू, वाफाळता चहा, कांदाभजी, आणि खिडकीशी बसलेल्या कवीला आलेली कुणाची तरी आठवण. आपल्या घरात पाऊस आला तो छपरातनं आला. तो आला की माय आधी पिठाचा डबा उचलायची, मग दप्तरं, मग आम्हाला. पाऊस बघायला खिडकी लागते, दोस्तहो, आणि खिडकीच्या आतल्या बाजूला कोरडं असावं लागतं. ज्याच्याकडं ही दोन्ही नाहीत तो पाऊस बघत नाही. दिवस काढावेत तसा तो पाऊस काढतो.

म्हणून भर जुलैत, काही काम नसताना, डोंगरातल्या जंगलात चालायला जाऊ असं मी बोललो तेव्हा लूमवरची पोरं हसली. एकानं विचारलं, "त्याचा पगार मिळणार का?"

प्रश्न खोटा नव्हता. मी भिवंडीत लूमवर आहे. पत्र्याचा गाळा, आत ओळीनं साचे, आणि असा आवाज की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागतं. आम्ही त्याला मिलच म्हणतो. बारा तासांची पाळी. मजुरी मीटरवर. साचा थांबला की मजुरी थांबली. शुक्रवारी लूम बंद, त्या दिवसाचं कोणी काही देत नाही.

पण ही सुट्टी कुठनं आली ते आपल्याला ठाऊक पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी. 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या झगड्यातनं 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना आठवड्याची रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी सुट्टी म्हणजे मालकाची मर्जी. आता माझ्या सुट्टीचा वार दुसरा आहे, पण ती त्याच झगड्यातनं आली. त्या सुट्टीत मी झोपेन, धुणं धुईन, सभेला जाईन, नाहीतर डोंगरात जाईन. एक दिवस कशालाच न विकलेला. तो कसा घालवायचा हे मालकानं ठरवू नये, आणि आपल्यातल्याही कोणी ठरवू नये.

निघालो चौघं. मी, सायझिंगमधला एक दोस्त, बी. ए. करणारा एक पोरगा आणि माझी थोरली बहीण. आक्का घरी बसून शिलाई करते. दोन पोरांची आई. ती येते म्हणाली तेव्हा घरात सगळे गप्प झाले. दाजी म्हणाले, "देवाला चाललीस का?" ती म्हणाली, "लेणी बघायला चाललेय." मग ते काही बोलले नाहीत.

भिवंडीहून ठाणे, ठाण्याहून घोडबंदर रस्त्यानं बोरिवली. डाव्या हाताला डोंगर ढगात बुडालेला. या डोंगराच्या पोटातनं ठाणे ते बोरिवली जोडबोगदा काढायच्या कामाचं भूमिपूजन 2024 साली झालं. सायझिंगवाला काचेला नाक लावून बघत म्हणाला, "आपण वरनं चाललो, मोटारी खालनं जाणार."

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढं जंगल, त्यात बिबटे, त्यात तुळशी आणि विहार ही दोन तळी. विहार 1860 साली बांधून झालं, तुळशी 1879 साली. शहराला नळाचं पाणी पाजायला हा डोंगर अडवला. आजही ते पाणी मुंबई पिते. तुळशीच्या बाजूनं दहिसर नदी निघते, विहार आणि पवईच्या सांडव्यातनं मिठी. शहरानं या नद्यांचं पुढं काय केलं ते 26 जुलै 2005 रोजी कळलं. चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीनं आपली जागा परत मागितली. तिच्या काठावर कोण राहत होतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

फाटकापासून कान्हेरी सहाएक किलोमीटर. गाडी जाते, पण आम्ही चालायलाच आलो होतो. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडी, पाऊस असा की छत्री असून नसल्यासारखी. तासाभरात चौघंही चिंब. साग, ऐन, बांबू. उतारावर कारवीचं रान. कारवी आठ वर्षांतनं एकदा फुलते. इथली 2016 साली फुलली होती, मग 2024 साली. शहरातले लोक ते फूल बघायला कॅमेरे घेऊन येतात. आमच्या आजीनं मात्र कारवी ओळखली ती काठीवरनं. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, वरनं शेणमाती लिंपायची, झाली कुडाची भिंत. तिच्या उभ्या जन्माची भिंत तीच. एकाच झाडाकडं बघणारे दोन डोळे असे वेगळे असतात. एकाला फूल दिसतं, एकाला घर.

आक्का मागं पडत होती. मी थांबलो. म्हणलं, "दमलीस का?"

"दमले नाय रं," ती म्हणाली. "डोक्यावर काय नाय, म्हणून तोल जातोय."

हसतच बोलली ती. पण मी तिथंच उभा राहिलो. लहानपणी गावाकडं ती मायसंगं रानात जायची ती मोळी आणायला. माळावर चालली ती हंडा घेऊन. शहरात आली तर कपड्यांचे गठ्ठे. पस्तिशीच्या बाईला हात मोकळे टाकून, डोक्यावर ओझं न घेता, कुठं पोचायची घाई नसताना चालणं जमेना. कुणी तिला ते शिकवलंच नव्हतं. आपल्या बाया रानात किती पिढ्या गेल्या! पण रान त्यांना दिसलं ते खाली वाकून, आणि कुणी राखणदार बघतो का या भीतीनं. मान वर करून झाडाचा शेंडा बघायला मोकळा वेळ लागतो. आक्कानं त्या दिवशी एका ऐनाचा शेंडा बघितला. तोंडावर पाऊस घेत बराच वेळ बघितला.

पुढं रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बसली होती. समोर प्लॅस्टिकवर कंटोळी आणि टाकळ्याच्या जुड्या. वारली बाई. या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत.

"मावशी, कंटोळी कशी?"

भाव झाला. आक्कानं ओढून ताणून पाच रुपये कमी केले आणि मग ते पाच रुपये तिलाच परत दिले. असं का, ते तिचं तिला ठाऊक.

बी. ए. वाल्यानं विचारलं, "मावशी, तुम्ही इथं कधीपासून?"

म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं झाडाला वय विचारलं असावं. "आमी इथलेच," ती म्हणाली. "पार्क मागनं आला."

पाच शब्द. पण सरकारी कागदात हे पाच शब्द बसवायला पिढ्या जातात. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाचा हुकूम झाला की उद्यानाच्या जमिनीवरची अतिक्रमणं काढा. 1 जानेवारी 1995 च्या आधीचा पुरावा असेल आणि पैसे भरतील त्यांनाच दुसरीकडं जागा. हजारो झोपड्या पडल्या. लढा देऊन काही जणांना पुढं चांदिवलीत घरं मिळाली, त्या वसाहतीचं नावच संघर्षनगर. आणि 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री शेजारच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं कापायला सुरुवात झाली. बघता बघता दोन हजारांवर झाडं आडवी झाली. अडवायला गेलेल्या पोरापोरींना अटक झाली.

जंगल राहिलं पाहिजे याला आपली ना नाही. उलट ते राहिलं पाहिजे असं सगळ्यांत मोठ्यानं आपणच म्हणलं पाहिजे, कारण डोंगर सुटला तर तो आधी पायथ्याच्या झोपडीवर येतो. 2 जुलै 2019 रोजी मालाडच्या पिंपरीपाड्यात मुसळधार पावसात पाण्याच्या टाकीच्या आवाराची भिंत कोसळली. तीसच्या आसपास माणसं झोपेत गेली. भिंत पाणी राखायला होती आणि माणसं भिंतीखाली होती. माझं म्हणणं एवढंच, की जंगल वाचवायचा हिशेब मांडताना झोपडी अतिक्रमण आणि बोगदा विकास, अशी दोन वह्यांत नोंद का करता? वही एकच ठेवा. मग बेरीज करू.

कान्हेरीला पोचलो तेव्हा डोंगर काळाभोर झाला होता. याचं जुनं नावच कण्हगिरी, कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. इथं शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत, हजारभर वर्षं इथं भिक्खू राहिले. पायऱ्यांवरनं पाणी धावत होतं. दोन डोंगरांमधल्या ओढ्याचा आवाज साच्यांच्या आवाजासारखाच अखंड, फक्त त्यानं कान दुखत नव्हते.

पर्यटक बरेच होते. तिसऱ्या लेण्यात, म्हणजे मोठ्या चैत्यात, व्हरांड्याच्या दोन टोकांना बुद्धाच्या उभ्या मूर्ती आहेत, तीन-चार पुरुष उंचीच्या. तिथं एक गृहस्थ आपल्या पोराला सांगत होता, "ही सगळी पांडवांनी खोदली बरं का. एका रात्रीत."

सायझिंगवाला तापला. त्याचे हात शिवशिवायला लागले. मी त्याचा दंड धरला. म्हणलं, थांब, हे प्रकरण मारामारीचं नाही. आणि त्या पोराला म्हणलं, "चल बाळ, तुला एक गंमत दाखवतो." बापाला म्हणलं, "साहेब, तुम्ही पण या."

त्यांना पहिल्या नंबरच्या लेण्यात नेलं. ते अर्धवट आहे. आधी बघायचं ते हेच लेणं, आणि लोक याच्याकडंच पाठ फिरवून पुढं जातात. खडबडीत जाडजूड खांब, काम मध्येच थांबलेलं. भिंतीवर छिन्नीचे घाव तसेच. पोराचा हात धरून मी त्या घावांवरनं फिरवला. म्हणलं, "मोज."

त्यानं मोजायला सुरुवात केली. वितीभर जागेत तो वीसच्या पुढं गेला.

"आता पूर्ण भिंत किती?"

पोरगं भिंतीकडं बघतच राहिलं. मग बापाला म्हणालं, "पप्पा, एका रात्रीत नाही होणार."

बाप ओशाळला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "आम्हाला लहानपणी असंच सांगितलंय." खरं होतं ते. त्यालाही कुणीतरी असंच सांगितलं असणार.

मी लूमवर काम करतो म्हणून मला हे चटकन कळतं. एक मीटर कापडाला किती धोट्याच्या फेऱ्या लागतात ते माझ्या खांद्याला ठाऊक आहे. दुकानात कापड बघणाऱ्याला ते आपोआप झाल्यासारखं दिसतं. "एका रात्रीत" ही गोष्ट साधी नाही, मित्रांनो. पांडवांचं नाव घातलं की बुद्ध जातो, हे आपण नेहमी बोलतो. पण "एका रात्रीत" म्हणलं की दुसरंही कोणी जातं. छिन्नी मारणारा जातो. त्याचे फुटलेले हात, त्याच्या डोळ्यांत गेलेली खडी, त्याला भाकरी आणून देणारी बाई, खडी वाहून नेणारी पोरं, सगळी जातात. चमत्काराला मजुरी द्यावी लागत नाही. ज्याला ज्याला मजुरी बुडवायची असते त्याला चमत्कार आवडतो.

आपली माणसं अशीच पुसली जातात. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडानं ओढायला लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा बाकीच्यांना बाटवायचा. जिथं जास्त पगार, तिथं बंदी. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. माझा पणजा कताईत होता. आजा 18 जानेवारी 1982 च्या संपात उतरला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो परत गिरणीच्या दारात गेला तेव्हा दार नव्हतं. आज तिथं काचेचे टॉवर आहेत, आणि उद्या तिथंही कोणीतरी बाप आपल्या पोराला सांगेल, हे शहर एका रात्रीत उभं राहिलं. पणज्याला जो धोटा शिवू दिला नाही तो आज माझ्या हातात आहे. मजुरी बघितली तर मिरवण्यासारखं काही नाही. पण कुणी दिला आणि कुणी नाकारला, ते मी विसरणार नाही.

त्या लेण्यांत लेख आहेत. ब्राह्मी लिपी. मी शाळा नववीत सोडली. ब्राह्मी शिकलो ती वीस रुपयांच्या तक्त्यावरनं, पाळी संपल्यावर, चहाच्या टपरीवर. सगळं वाचता येत नाही. पण 'द' ओळखतो, 'न' ओळखतो. ओल्या भिंतीवर बोट फिरवत 'दानं' हा शब्द लागला तेव्हा माझं काय झालं ते लिहिता येत नाही. आक्काला बोलावलं. म्हणलं, हे बघ, हे 'दा'. तिनं विचारलं, "कुणाचं दान?"

कुणाचं? राजांचं थोडं, बाकी बहुतेक साध्या माणसांचं. कान्हेरीच्या लेखांत व्यापारी आहेत, कल्याणचा सोनार आहे, कल्याणचा लोहार आहे, भिक्खुणी आहेत, गृहिणी आहेत. सोनारानं पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं टाकं. आणि नुसतं नाव नाही, धंद्यासकट नाव. मी लोहार, हे माझं दान. आज आपण आडनाव सांगताना एक श्वास जास्त घेतो. त्या लोहारानं दगडात कोरून सांगितलं.

पाण्याचं बघा. जवळपास प्रत्येक लेण्याशी एक पोढी. वर खडकात पन्हळी कोरलेल्या, छपरावरचा पाऊस त्यातनं वाहून टाक्यात यावा अशा. त्या दिवशीसुद्धा आमच्या डोळ्यांदेखत पाणी त्याच वाटेनं चाललं होतं. सायझिंगवाला गुडघ्यावर बसून बघत होता. तो पाइप-फिटिंगही करतो. म्हणाला, "उतार बरोब्बर काढलाय रे." दोन हजार वर्षांपूर्वीच्या कामगाराला आजच्या कामगारानं दिलेलं ते सर्टिफिकेट. ज्या देशात पाण्याला हात लावायचा म्हणून 20 मार्च 1927 ला महाडला जावं लागलं, त्याच देशात त्याच्या कितीतरी आधी सोनाराचं टाकं संघाची तहान भागवत होतं, आणि त्या संघात येणाऱ्याची जात बघत नव्हते. हे आपल्या पोरांना शाळेत कोणी सांगत नाही.

अकराव्या लेण्यात लांबलचक दगडी बाक आहेत. तिथं बसून भाकरी खाल्ली. बाहेर पाऊस, आत कोरडं. बी. ए. वाल्यानं वर्षावासाचं सांगितलं. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर कोवळं गवत तुडवलं जातं, बारीक जीव मरतात, अशी लोकांनीच तक्रार केली. तेव्हा बुद्धानं नियम घालून दिला, पावसाचे तीन महिने एका जागी राहा. म्हणून आषाढी पौर्णिमेपासून आपल्या विहारांत ग्रंथवाचन चालतं. म्हणजे ही लेणी पावसासाठी आहेत. भिक्खूला कोरडं छप्पर मिळावं म्हणून सोनारानं, लोहारानं, बाईनं आपल्या कमाईतनं दिलं.

तेव्हा सायझिंगवाला बोलला, आणि त्याचं बोलणं मी जसंच्या तसं इथं लिहितो, कारण ते आपल्या सगळ्यांना लागू आहे. "हे सगळं भारी आहे. पण माझ्या खोलीत आत्ता बादली लावलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपण कोरडे होतो हे ऐकून ती गळायची थांबत नाही. आपण दगडांचा अभिमान धरायचा आणि बिल्डरनं जमीन धरायची?"

बी. ए. वाला चिडला. म्हणाला, इतिहास नसलेला माणूस उभा राहत नाही. सायझिंगवाला म्हणाला, छप्पर नसलेला तर आडवाही होत नाही. बरंच वाजलं. शेजारच्या बाकावरचे लोक बघायला लागले.

आक्का पोळीचा तुकडा मोडत होती. म्हणाली, "भांडता कशाला? त्यांनी इथं काय केलं? पाणी अडवलं, छप्पर केलं, आणि कुणी केलं ते लिहून ठेवलं. तुम्ही तिन्ही करा ना."

मला वाटतं आपल्या चळवळीचा कार्यक्रम यापेक्षा कमी शब्दांत मांडता येणार नाही. आपण वर्षानुवर्षं यातलं एकच धरून बसतो. कोणी नळासाठी मोर्चा काढतो आणि पुस्तकवाल्याला हसतो. कोणी पुस्तक धरतो आणि नळाच्या रांगेतल्या बाईला विसरतो. कोणी फक्त जयंतीचा मंडप उभा करतो. त्या सोनारानं मात्र असं वाटून घेतलं नव्हतं. टाकं खोदून घेतलं आणि त्याच दगडावर नावही घातलं.

तर माझी सूचना अशी. दर पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आपल्या वस्तीतनं एकदा तरी इथं चालत यायचं. बाया आणायच्या, हात मोकळे ठेवून. पोरांना पहिलं लेणं आधी दाखवायचं, घाव मोजायला लावायचे. एकानं लेख वाचायचा, एकानं पन्हळीचा उतार बघायचा. लेण्याला हळद-कुंकू, खडू, कोळसा काही लावायचं नाही, आपलंही नाव कोरायचं नाही. आणि उतरताना वस्तीतल्या कुठल्या घराचं छप्पर या वर्षी सगळ्यांनी मिळून नीट करायचं ते ठरवूनच उतरायचं. या वर्षी आम्ही सायझिंगवाल्याची खोली धरली आहे. पत्रा आला आहे, खिळे आले आहेत, दोन माणसं कमी पडतात.

उद्यान सोमवारी बंद असतं. आम्हाला शुक्रवार सोयीचा. ज्यांना यायचं त्यांनी भाकरी, वही आणि पेन्सिल घेऊन यावं. पेन पावसात चालत नाही.

जय भीम.